विश्लेषण : कलकत्त्यातील गांजाचे प्रयोग आणि मेंदूतील वेदनेची तार, डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये नेमके काय पाहिले?

गांजातील रसायनांचा वेदनाशामक म्हणून वापर करावा की नाही, यावर जगभर वाद सुरू आहे. काही देशांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवानगी दिली आहे, तर वेदनातज्ज्ञांच्या संघटना सावध आहेत. या वादाची वैद्यकीय सुरुवात कलकत्त्यात झाली. ती करणारे आयरिश डॉक्टर विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे पुढे भारतात तारायंत्राचे जाळे उभारणारे अधिकारी म्हणून ओळखले गेले. त्यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून टिपलेल्या लक्षणांचा अर्थ मात्र दीडशे वर्षांनी, मेंदूतील कॅनाबिनॉइड आणि ग्लुटामेट रिसेप्टरचा शोध लागल्यावर उलगडला.

कोण होते ओशॉनेसी?

ओशॉनेसी यांचा जन्म १८०८ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. लंडनमध्ये रुग्णसेवेचा परवाना न मिळाल्याने ते रासायनिक तपासण्यांकडे वळले. मिठाईला रंग येण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विषारी क्षारांवर त्यांनी १८३१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले.

१८३१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये कॉलरा पोहोचला. त्या काळी कॉलऱ्याच्या रुग्णाचे रक्त काढून टाकणे हा रूढ उपचार होता. ओशॉनेसी यांनी सुंदरलंडला जाऊन रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे त्यांना आढळले. जे कमी झाले ते शिरेतून परत द्यावे, असा साधा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लाटा यांनी तो रुग्णांवर अमलात आणला. आज प्रत्येक रुग्णालयात लावल्या जाणाऱ्या सलाइनचे मूळ तिथे आहे. तेव्हा ओशॉनेसी विशीत होते. तरीही लंडनमध्ये त्यांना स्थिर जागा मिळाली नाही. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून ते कलकत्त्याला आले.

गांजाकडे ते कसे वळले?

१८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ओशॉनेसी तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. युरोपातून येणारी औषधे महाग होती आणि जहाजावरच्या लांबच्या प्रवासात खराब होत. स्थानिक वनस्पतींतून काय मिळते, याचा शोध घेणे ही कंपनीचीही गरज होती.

भांग, गांजा आणि चरस तेव्हा बाजारात सहज मिळत. पण युरोपीय वैद्यकात या वनस्पतीला जवळपास स्थान नव्हते. ओशॉनेसी यांनी आधी जुने ज्ञान गोळा केले. संस्कृत ग्रंथांतील उल्लेखांसाठी त्यांनी कमलाकांत विद्यालंकार आणि मधुसूदन गुप्त यांची मदत घेतली. हे मधुसूदन गुप्त म्हणजे १८३६ मध्ये याच कॉलेजात मानवी शवविच्छेदन करून रूढी मोडणारे वैद्य. फारसी आणि अरबी ग्रंथांसाठी त्यांनी हकिमांना विचारले. बाजारात गांजा कसा विकला जातो, भांग कशी घोटतात, माजूम कसा बनवतात, याच्याही नोंदी केल्या.

त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग झाले. एका कुत्र्याला नेपाळी चरस दिल्यावर तो अर्ध्या तासात सुस्तावला, मध्येच दचकून उठू लागला, शेपूट हलवत अधाशासारखा खाऊ लागला आणि चालताना झोकांड्या देऊ लागला. सहा तासांनी तो पूर्ववत झाला. मासे, गिधाडे, घोडे, हरणे, माकडे आणि शेळ्या यांच्यावरही परिणाम पाहण्यात आला. मांसाहारी प्राण्यांवर गुंगी ठळक दिसली, तर गवत खाणाऱ्यांवर मोठ्या मात्रेचाही फारसा परिणाम झाला नाही. कोणताही प्राणी फार त्रासात दिसला नाही, याची खात्री झाल्यावरच त्यांनी माणसांना औषध दिले.

संधिवाताच्या रुग्णाला काय झाले?

संधिवाताने ग्रासलेल्या रुग्णांना गांजाच्या राळेची एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम मात्रा देण्यात आली. त्यातील एकाला दुपारी दोन वाजता औषध मिळाले. चार वाजता तो खूप बोलू लागला, गाऊ लागला आणि जास्तीचे जेवण मागू लागला. सहा वाजता तो झोपला. आठ वाजता तो निपचित होता. नाडी आणि श्वास व्यवस्थित होते. मात्र त्याचा हात उचलून सोडला, तर तो खाली न पडता तसाच हवेत राहत होता. त्याला बसवले, हात-पाय कोणत्याही कोनात वळवले, तरी देह मेणाच्या पुतळ्यासारखा त्याच स्थितीत राहत होता.

ओशॉनेसी आणि त्यांचे विद्यार्थी घाबरून गेले. शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या रुग्णालाही तेच औषध दिले होते आणि त्याचीही तीच अवस्था झाली. मध्यरात्रीनंतर दोघेही हळूहळू शुद्धीवर आले. दुसऱ्या दिवशी त्यांना काहीही त्रास नव्हता आणि सांध्यांचे दुखणे बरेच कमी झाले होते.

बडबड, भूक, झोप, ठेवाल तसा राहणारा देह आणि कमी झालेले दुखणे. एकाच औषधाने इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कशा केल्या, याचे उत्तर देण्याची साधने १८३९ मध्ये नव्हती. ओशॉनेसी यांनी अंदाज बांधण्याऐवजी तासागणिक नोंद केली. आज ती नोंद महत्त्वाची ठरते.

वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत कसा जातो?

बोट भाजले की त्वचेतील चेतातंतू विद्युतसंदेश मज्जारज्जूकडे पाठवतात. पण ही तार अखंड नसते. एक चेतापेशी संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे अतिसूक्ष्म फट असते. ती फट वीज ओलांडत नाही. पहिली पेशी रसायन सोडते आणि दुसरी ते टिपते. वेदनेच्या वाटेवर हे मुख्य रसायन ग्लुटामेट असते. ते टिपणाऱ्या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात.

ग्लुटामेटचे दोन रिसेप्टर इथे महत्त्वाचे आहेत. ‘एएमपीए’ हा लगेच उघडणारा दरवाजा आहे. त्यातून साधा, क्षणिक वेदनासंदेश पुढे जातो. ‘एनएमडीए’ या दुसऱ्या दरवाजात एरवी मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. संदेश वारंवार आणि जोरात येत राहिले, तर हा बूच निघतो आणि पेशीत कॅल्शियम शिरते. मग पेशी अधिक संवेदनशील होते. पूर्वी ज्या संदेशाकडे तिने दुर्लक्ष केले असते, त्यालाही ती प्रतिसाद देऊ लागते. त्यामुळे मूळ जखम भरली तरी दुखणे उरते आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी मज्जारज्जूतील ही वाढलेली संवेदनशीलता प्रयोगातून दाखवली. जुनाट दुखण्याच्या अभ्यासाची दिशा त्यानंतर बदलली. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे केटामाइन हे औषध याच एनएमडीए रिसेप्टरला अडवते.

कॅनाबिनॉइड रिसेप्टर कुठून आला?

गांजातील मुख्य नशाकारी घटक ‘टीएचसी’ १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो मेंदूत कुठे बसतो, हे १९८८ मध्ये अमेरिकेतील ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांच्या संशोधनातून कळले. १९९० मध्ये त्या रिसेप्टरचे जनुक वेगळे करण्यात आले आणि त्याला ‘सीबी १’ हे नाव मिळाले.

वनस्पतीतील रसायनासाठी मेंदूत जागा का असावी, असा प्रश्न मग उभा राहिला. म्हणजे शरीर स्वतःच तसे काही बनवत असले पाहिजे. १९९२ मध्ये मेशुलम यांच्या जेरुसलेममधील गटाला ते सापडले. डिव्हेन यांनी त्याला ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव दिले. काही वर्षांत ‘टू-एजी’ हे दुसरे रसायनही मिळाले.

कलकत्त्याच्या रुग्णाची संध्याकाळ आता वाचता येते. सीबी १ रिसेप्टर मेंदूत भूक नियंत्रित करणाऱ्या भागात आहेत, म्हणून तो जेवण मागत होता. हालचाल ठरवणाऱ्या भागांत ते दाट आहेत, म्हणून त्याचा हात हवेत राहिला. स्मृती आणि विचारांच्या भागांतही ते आहेत. श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात ते विरळ आहेत, म्हणून अफूच्या मोठ्या मात्रेने श्वास मंदावतो तसा त्याचा मंदावला नाही. आजही प्रयोगशाळेत एखादे रसायन उंदरात गांजासारखे वागते का, हे पाहताना मंदावलेली हालचाल, घटलेले तापमान, कमी झालेली वेदना आणि ठेवाल तशी राहणारी स्थिती या चार गोष्टी तपासतात. यातील चौथी ओशॉनेसी यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी पाहिली होती.

उलटा संदेश म्हणजे काय?

दोन चेतापेशींमधला संदेश साधारण एकाच दिशेने जातो, असे मानले जात होते. २००१ मध्ये अमेरिका आणि जपानमधील वेगवेगळ्या गटांनी दाखवले, की शरीरातील कॅनाबिनॉइड उलट्या दिशेने जातात. संदेश घेणारी पेशी फार उत्तेजित झाली की ती आपल्याच आवरणातील मेदापासून टू-एजी बनवते. ते फट ओलांडून मागे जाते आणि संदेश पाठवणाऱ्या पेशीवरच्या सीबी १ वर बसते. त्यामुळे तिथले कॅल्शियमचे मार्ग बंद होतात आणि ग्लुटामेट सुटणे कमी होते. थोडक्यात, ऐकणारा बोलणाऱ्याला आवाज कमी करायला सांगतो.

म्हणजे ग्लुटामेट वेदनेचा आवाज वाढवतो आणि कॅनाबिनॉइड तो आटोक्यात ठेवतात. मेंदूच्या मध्यभागातून मज्जारज्जूकडे उतरणारी एक वेदनारोधक वाटही आहे. एरवी तिच्यावर लगाम असतो. कॅनाबिनॉइड तो लगाम सैल करतात आणि खालून येणारी वेदना मज्जारज्जूतच दबते.

तिसरा परिणाम भावनेशी जोडलेला आहे. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०१३ मध्ये १२ निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर मिरचीतील कॅप्सायसिन लावून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. टीएचसी घेतल्यावर वेदनेची तीव्रता सरासरीने फारशी घटली नाही, पण ती कमी त्रासदायक वाटू लागली. भीती आणि भावनांशी संबंधित अमिग्डालाच्या कामात त्या वेळी बदल दिसला. दुखत होते, पण पूर्वीइतके छळत नव्हते.

रेबीजच्या रुग्णाची नोंद का महत्त्वाची?

हाच फरक ओशॉनेसी यांच्या एका नोंदीत दिसतो. पिसाळलेला कुत्रा चावलेला एक हकीम त्यांच्याकडे आला. पाणी पाहूनही त्याला झटके येत होते. लस तेव्हा नव्हती, लुई पाश्चर यांची लस १८८५ मध्ये आली. ओशॉनेसी यांनी त्याला ठरावीक अंतराने गांजाची राळ दिली. झटके ओसरले. त्याला रसदार फळ चोखता आले, थोडा भात गिळता आला. काही दिवसांनी तो दगावला.

ओशॉनेसी यांनी हे यश म्हणून सांगितले नाही. रोग तितकाच जीवघेणा राहिला, पण मरणातली भयानकता कमी करता आली आणि एवढे करणेही वैद्याचे काम आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

धनुर्वाताच्या रुग्णांबाबत ते अधिक आशावादी होते. या रोगाचे विष मज्जारज्जूतील लगाम घालणारी रसायने अडवते, त्यामुळे स्नायू सतत आकडतात. गांजाने आकड्या सैल झाल्या आणि काही रुग्ण वाचले, काही दगावले. झटके येणाऱ्या अवघ्या ४० दिवसांच्या एका बाळालाही त्यांनी थेंबाथेंबाने औषध दिले आणि ते बरे झाले. मात्र औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना झाली नव्हती. त्यामुळे वाचलेल्यांपैकी किती जण औषधाने वाचले, हे या नोंदींवरून ठरवता येत नाही.

दुष्परिणामही त्यांनी लपवले नाहीत. स्वेच्छेने औषध घेतलेला एक लाजाळू विद्यार्थी थोड्याच वेळात स्वतःला राजा समजून दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला. मात्रा वाढली की भ्रम होतो, असा इशारा त्यांनी दिला आणि कमी मात्रेने सुरुवात करण्याचा सल्ला दिला.

डॉक्टर तारखात्याचे प्रमुख कसे झाले?

गांजावरचा निबंध वाचला, त्याच १८३९ मध्ये ओशॉनेसी यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाजवळ २१ मैल लांबीची प्रायोगिक तार टाकली. संदेश टिपण्याच्या त्यांच्या एका पद्धतीत विजेचे सौम्य झटके थेट बोटांना जाणवत. चेतातंतूंच्या औषधावर काम करणारा डॉक्टर संदेश वाचण्यासाठी स्वतःच्याच चेतातंतूंचा वापर करत होता.

१८४१ मध्ये ते काही काळ इंग्लंडला गेले. सोबत नेलेला गांजा त्यांनी लंडनमधील औषधनिर्माते पीटर स्क्वायर यांना दिला. त्यापासून बनवलेला अर्क युरोप आणि अमेरिकेत पोहोचला. १८४३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. भारतात परतल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या टांकसाळीतही काम केले.

लॉर्ड डलहौसी यांच्या काळात तारेचा विषय पुन्हा निघाला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही सुमारे ३० मैलांची तार सुरू झाली. माकडे आणि पक्षी बसले तरी तुटू नये म्हणून बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरण्यात आल्या. शिवचंद्र नंदी हे त्यांचे विश्वासू भारतीय सहकारी होते. १८५३ च्या अखेरीस मोठे काम सुरू झाले. कलकत्त्याहून आग्रा, तिथून इंदूरमार्गे मुंबई आणि पुढे मद्रास अशी शहरे जोडली गेली. १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्यानंतर सुरू झालेला देशातील तारेचा प्रवास २०१३ च्या जुलैमध्ये संपला. या कामासाठी ओशॉनेसी यांना १८५६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला.

१८६० च्या सुमारास त्यांनी भारत सोडला आणि आडनाव बदलून ओशॉनेसी ब्रूक असे केले. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत ते विज्ञानाच्या जगापासून जवळपास दूर होते.

गांजाचे औषध मागे का पडले?

राळ पाण्यात विरघळत नसल्याने ती सुईने टोचता येत नव्हती, तर १८५० च्या दशकात इंजेक्शन आल्यावर मॉर्फिन सहज देता येऊ लागले. प्रत्येक खेपेच्या अर्काची ताकद वेगळी असे. एकाने रुग्ण गाढ झोपे, तर दुसऱ्याने काहीच होत नसे. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. पुढे कायदेही कडक झाले आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या औषधसंहितेतून गांजा वगळण्यात आला.

आज स्थिती काय?

रिसेप्टर सापडल्यावर वेदनेवर नेमके औषध मिळेल, अशी अपेक्षा होती. ती अद्याप पूर्ण झालेली नाही. आनंदामाइड मोडणाऱ्या विकराला रोखले तर शरीराचेच वेदनाशामक वाढेल, असा एक मार्ग होता. प्राण्यांत तो चालला, पण गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील चाचणीत तशा एका औषधाचा उपयोग दिसला नाही. २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरात अशाच गटातील दुसऱ्या औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. लठ्ठपणासाठी सीबी १ अडवणारे रिमोनाबँट हे औषध युरोपात आले होते. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या धोक्यामुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. गांजातीलच ‘सीबीडी’ या घटकाला बालकांच्या काही गंभीर अपस्मारांसाठी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्याचे काम मुख्यतः सीबी १ मार्फत होत नाही.

अडचण मूळ रचनेतच आहे. वेदना कमी करणारा रिसेप्टर आणि भूक, स्मृती, हालचाल, मनःस्थिती सांभाळणारा रिसेप्टर एकच आहे. औषध गिळल्यावर ते फक्त वेदनेच्या वाटेवर थांबत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२१ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन वेदनेसाठी कॅनाबिनॉइडच्या सरसकट वापराला पाठिंबा देण्याचे टाळले. म्हणूनच केवळ मज्जारज्जूत किंवा मेंदूबाहेरच्या चेतातंतूंवर काम करणारी रसायने शोधली जात आहेत.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे गुन्हा आहे. नुसती पाने आणि बिया या व्याख्येबाहेर आहेत, त्यामुळे भांगेबाबत राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. जुनाट दुखणे असलेल्या रुग्णांनी स्वतःहून असा कोणताही पदार्थ घेणे कायद्याने आणि आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. किशोरवयात मेंदूची घडण सुरू असल्याने हा धोका अधिक असतो.

ओशॉनेसी यांनी संधिवाताच्या रुग्णाची भूक, झोप, ताठरलेला हात आणि थांबलेले दुखणे एकाच पानावर लिहिले होते. त्यातील दुखणे थांबवणारा परिणाम इतरांपासून वेगळा काढणे अजून कोणालाही पूर्णपणे जमलेले नाही.